शिपायाचा मुलगा

टाचणी कोटाच्या जाड कापडात शिरेना. निळा गोल बिल्ला, मधोमध तलवार, खाली ‘पिढी दहावी’ – आणि रोझेरची बोटं आताशा अशी थरथरत की टाचणी दोनदा अंगठ्यातच रुतली. शेवटी कुलमेळाव्याच्या सभागृहाबाहेर गाडी थांबवून सोलांजनेच ती खोवली. तिच्या स्वतःच्या झग्यावर पांढरा बिल्ला होता. त्यावर पिढी नव्हती, नुसतं ‘पाहुणी’.

“पाहुणी असणं चांगलंच की, मामा,” ती म्हणाली. “फक्त तुमच्या कुलमंडळाच्या झेरालदादांनी पाहुणीला सकाळपासून स्वयंपाकघरात जुंपलंय, तेवढं सोडलं तर.”

तो हसला नाही. रक्ताच्यांना निळा, बाकीच्यांना पांढरा, हा नियम त्याचाच होता, चोवीस वर्षांपूर्वी ब्रँदामूर कुलमंडळाच्या वहीत त्याच्याच अक्षरात लिहिलेला. सोलांज तेव्हा सोळा वर्षांची. फर्नांदने, त्याच्या बहिणीने, तिला अनाथाश्रमातून आणलं तेव्हा ती चार महिन्यांची होती. आणि फर्नांद गेल्यापासून त्याची औषधं, दारातला बर्फ, रविवारचं वाटाण्याचं सूप, हे सगळं या पाहुणीनेच...

“सापडला का रे शिपाई?” चोवीस वर्षांपूर्वी, शेवटच्या आजारात, बाबा रोज संध्याकाळी विचारत. छाती लाकडाच्या भुशाने भरलेली. वखारीतला इंग्रज मुकादम त्यांना चाळीस वर्षं नुसतं ‘ए’ म्हणत आला होता. आपण राजाच्या फौजेतल्या माणसाचे वंशज, हे मरण्याआधी कागदावर दिसावं, एवढंच त्यांचं मागणं. आणि रोझेर क्वेबेकला दफ्तरखान्यात बसून चर्चच्या जुन्या नोंदींची फिल्म फिरवत राहिला – करड्या ओळी, शाईचे डाग – आणि मग ती नोंद. फेब्रुवारी सोळाशे एक्क्याण्णव. पीठगिरणीच्या दाराशी सापडलेले मूल, आईबाप अज्ञात, नाव फ्रांस्वा. माथुराँ ब्रँदामूर, पूर्वी फौजेत शिपाई, व त्याची बायको यांनी सांभाळायला नेले.

त्या जोडप्याला स्वतःचं मूल झालंच नाही. आज आत बसलेली चारशे ब्रँदामूर माणसं, सगळीच्या सगळी, फ्रांस्वाची.

“सापडला, बाबा. फ्रांस्वा त्याचा मुलगा,” तो म्हणाला होता. बाबा रडले, तीन आठवड्यांनी गेले. म्हाताऱ्यासाठी खोटं बोललो, असं तो स्वतःला सांगत आला. पण नियम? नियम बाबा गेल्यावर लिहिला... फिल्मवरची ती ओळ वाचताना मला पहिल्यांदा काय वाटलं? किळस. कोणाचं कोण जाणे, असं वाटलं. आणि त्याच हाताने घरी येऊन मी सोलांजच्या ताटात वाढलं.

“थांब जरा,” तो गाडीतून उतरू लागलेल्या सोलांजला म्हणाला. तिने उघडलेलं दार ओढून घेतलं. त्याने सगळं सांगितलं – गिरणी, मूल, बाबा, नियम. सांगताना आवाज खाली खाली जात होता.

तिने गाडीची किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

“मला कशाला सांगताय?”

“तुला कळायला हवं होतं.”

“आत चारशे माणसं बसलीत, मामा. आणि तुम्ही काचा वर करून मला सांगताय. मी आता काय म्हणू? जाऊ दे, असं?”

त्याला तेच ऐकायचं होतं. तिला ते ओळखू आलं, आणि ओळखू आलेलं त्याला दिसलं. ती उतरली, मागच्या सीटवरचे ॲपल-पायचे डबे उचलले आणि मागच्या दाराने आत गेली.

सभागृहात झेरालने माइक रोझेरच्या हातात दिला. “आमचे रोझेरभाऊ. हे नसते तर आपण अजून एकमेकांना ओळखत नसतो.” टाळ्या. वंशावळ दरवर्षी तोच वाचायचा.

“माथुराँ ब्रँदामूर, राजाच्या फौजेतला शिपाई,” त्याने वाचलं. “त्याचा मुलगा फ्रांस्वा –”

सोलांज स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी उभी होती, कुणाच्या तरी ताटात वाढत. ती वळेल असं त्याला वाटलं. ती वळली नाही.

त्याचा मुलगा... चोवीस वर्षं या दोन शब्दांना तो भीत आला होता, वाचताना दर वेळी ते घाईघाईने गिळत आला होता. ज्याने उचललं, भरवलं, नाव दिलं, त्याचा मुलगा. मग खोटं काय होतं? खोटं इथे नव्हतंच, दुसरीकडे होतं. वहीतल्या निळ्या-पांढऱ्याच्या नियमात, त्याच्या अक्षरात... लाज एवढी वर्षं चुकीच्या जागी बाळगली, आणि खरी जागा कळल्यावरही ती कमी होईना, उलट आता कुठे ती पुरती अंगावर आली. पुढचं नाव कागदावर होतं. झेराल कोपराने हलकेच ढोसत होता. चारशे माणसं वाट पाहत होती, आणि फ्रांस्वाच्या नावाशी थांबलेला तो पुढेही जाईना, मागेही येईना.