राखणदाराला तेरेखोलला जायची परवानगी

इतिहासात काही निर्णय असे असतात, की त्यांच्यापुढे काळसुद्धा श्वास रोखून थांबतो. कारापुरातल्या ग्रामदेवीच्या देवळात त्या रविवारी काळ पाऊण तास थांबला, कारण पुजारी कृष्णनाथांची स्कूटर साखळी गावात बंद पडली होती.

निर्णय असा होता : सिद्धेशच्या मोबाईल गेमच्या दुसऱ्या भागात गावच्या राखणदाराने, म्हणजे गावाची हद्द सांभाळणाऱ्या अदृश्य देवाने, शीव ओलांडावी की नाही.

सिद्धेश आणि त्याची बहीण गौरवी घराच्या माडीवर बसून गेम बनवतात. तो कथा आणि कोड लिहितो, ती चित्रं काढते. पहिल्या भागात राखणदार हातात दांडा, खांद्यावर घोंगडी आणि पायांत गावाने वाहिलेल्या वहाणा घालून शीव राखतो, बाहेरून येणाऱ्या राक्षसांना पिटाळतो. ही सगळी कथा गोकुळदास मास्तरांची. मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, आणि दशावतारात चाळीस वर्षं राजे करून त्यातून मात्र अजून निवृत्त न झालेले. राखणदाराला आवाजही त्यांचाच. ब्राझीलमध्ये गेम खेळणाऱ्या कुणीतरी लिहिलं होतं, की शब्द एक कळला नाही, पण त्या रात्री मी आईजवळ जाऊन झोपलो. मास्तरांनी ते छापून घेऊन ओटीवर लावलं होतं.

दुसऱ्या भागात सिद्धेशने राखणदाराला शिवेबाहेर काढलं. तो केरीला जातो, फेरीबोटीने तेरेखोलला उतरतो, समुद्रातून येणारे बारा राक्षस मारतो आणि तिथल्या किल्ल्यातच कायमचा राहतो. मास्तरांनी दोन पानं वाचून चष्मा काढला.

"शीव सोडून गेलो तो राखणदार कसलो? तो टुरिस्ट."

आणि आवाज द्यायला त्यांनी साफ नकार दिला. सिद्धेशचं तिथेच अडलं. पुण्याची एक कंपनी गेम काढायला तयार होती, पण महिनाअखेरीस हातात हवा आणि आवाज तोच हवा. त्याने डिचोलीहून दुसरा एक माणूस आणून पाहिला. त्याचा आवाज ऐकून राक्षस पळण्याऐवजी बसची वाट बघत उभे राहतील असं वाटायचं. शेवटी मास्तरच म्हणाले, देवीचा कौल घे; तिने उजवी दिली तर बोलेन.

म्हणून रविवारी सगळा गाव देवळात. कृष्णनाथांनी हात धुतले, देवीच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. देवीपुढे मोबाईलचं नाव काढणं त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून तेवढं त्यांनी वगळलं.

"आवशी, तुझ्या राखणदाराक शीव सोडून तेरेखोलाक जावचा आसा. जावक दितस तर उजवी दी, माये."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. तोंडाला सवय असते.

उजवी पाकळी इतक्या तातडीने पडली, की देवी जणू ह्या प्रश्नाचीच वाट बघत होती. सिद्धेशने सुटकेचा श्वास टाकला. मास्तरांनी हात जोडले. तेवढ्यात चंद्रावतीकाकी, जिची काजूची बाग अगदी शिवेला लागून आहे, तिने शांतपणे विचारलं,

"म्हणजे आता हय कोण आसा?"

सगळे कृष्णनाथांकडे वळले. गाऱ्हाण्यात गेम नव्हताच. गावाने रीतसर, सर्वानुमते, स्वतःच्या खऱ्या राखणदाराला तेरेखोलला पाठवलं होतं, आणि तेही काजूच्या हंगामात.

कृष्णनाथांनी घाईघाईने पुन्हा पाकळ्या लावल्या आणि त्याला परत बोलवू का म्हणून विचारलं. पाकळ्या हलेनात. पंखा बंद करून पाहिला, चालू करून पाहिला. बायका भात टाकून परत आल्या तरी पाकळ्या जागच्या जागी. मास्तर डोळे मिटून बसले होते. मग ते शाळेत निकाल सांगत तसे म्हणाले, की ज्या कामाला तो गेलाय ते संपल्याशिवाय येणार नाही. आणि काम काय ते ह्या पोराने लिहिलेलं आहे.

तेव्हापासून सिद्धेशला गावाने झोपू दिलं नाही. ज्यांनी कालपर्यंत गेम बंद पाडायची भाषा केली, ते आज किती झालं म्हणून विचारायला येऊ लागले. चंद्रावतीकाकी तर रोज दहाला जिन्याशी उभी : आज कितवा मेला? बारा राक्षस लागतात कशाला, सातांत भागत नाही का, असं तिचं म्हणणं. सिद्धेश नवावर आला. किल्ल्यात कायमचं राहण्याचा शेवट त्याने रडत रडत लिहिला होता. तो गौरवीने जेवायच्या आधी खोडला आणि राखणदाराला घरी आणलं.

राहिला आवाज. मास्तर आंघोळ करून, फेटा बांधून माडीवर आले. खिडक्यांना गाद्या लावल्या, माईकला मोजा घातला. मास्तर उभे राहिले, आणि सिद्धेशने दिलेला कागद त्यांनी उघडलाच नाही.

"शिवेच्या दगडांनो, आजवर मी तुमची राखण केली. आता तुम्ही माझी वाट राखा. मी येईपर्यंत ह्या गावातलं एक पानसुद्धा परक्याच्या हाती जाऊ नये."

गौरवीचा हात बटणावरच राहिला. जिन्यावर चंद्रावतीकाकीने पदर डोळ्यांना लावला. कथेत हे नव्हतं, पण ते आता काढायची कुणाची छाती नव्हती. सिद्धेशने पाण्याचा तांब्या पुढे केला. मास्तर दोन घोट प्यायले आणि पुढे काय आहे म्हणून विचारलं.

फेरीबोट, सिद्धेश म्हणाला. राखणदार अगदी पुढच्या टोकाला उभा, समोर समुद्र, वाऱ्यावर घोंगडी उडतेय, आणि तो राक्षसांना ललकारतोय.

मास्तरांनी गळ्यावरून हात फिरवला.

"तेका फुडे उबो करू नको रे बाबा. मदी खंय तरी बसय. वारो लागलो काय माझो घसो बसता."