जंतूंचे डोहाळे

बोनकोड्याच्या त्या घरात डोहाळजेवणाचा विषय निघाला की सगळे आधी रंजिताकडे बघायचे आणि मग पंख्याकडे. मागच्या खेपेला हॉल ठरला होता, हिरवी साडी आली होती, झोपाळ्याला फुलं लावणाराही सांगून ठेवला होता. आणि चारूबाई कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच हजर झाल्या, सातव्या महिन्यात. साडी गेली कपाटात आणि चारू काचेच्या पेटीत. आता ती चार वर्षांची घोडी सोफ्यावरून उड्या मारत होती, पण रंजिताच्या डोळ्यांपुढून ती पेटी काही हलत नव्हती.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिचं वजनही चांगलंच वर गेलं होतं. खारघरच्या डॉक्टर वैजयंतीमॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "पहिलं बाळ लवकर आलंय, त्यात वजन जास्त. त्यामुळे हेही लवकर येण्याचा धोका थोडा वाढतो. शरीरातल्या जंतूंचाही यात हात असावा, असं संशोधन चाललंय, पण पक्कं अजून कोणी सांगत नाही. आता बारीक व्हायच्या भानगडीत पडू नका. भाज्या, डाळी, दही खा, चाला, आणि तपासणी चुकवू नका."

एवढ्या सगळ्यातून रंजिताने घरी काय आणलं, तर जंतू.

दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी, भागीरथीबाईंनी, तुपाने चमकणारा शिरा पुढे केला.

"नको आई. त्यांना गोड चालत नाही."

"कोनाला?"

"पोटातल्या चांगल्या जंतूंना. त्यांना चोथा लागतो. गवार, नाचणी असलं काहीतरी."

भागीरथीबाईंनी वाटी खाली ठेवली. "मंजे डोहाळे तुला लागलेत का जंतूंना?"

झालं. त्या दिवसापासून रोज सकाळी ओट्यापाशी एकच चौकशी, "आज तुजे जंतू काय खातील गो?" नवरा, विपुल, वडापाव आणायचा आणि दारातूनच विचारायचा, "परवानगी आहे का आतल्यांची?" चारूने तर एक बशी त्यांच्या नावाने वेगळी काढली. रंजिता हसायची, पण आंबिलीचा पेला चाटूनपुसून संपवायची. बाळाला आत धरून ठेवायला दोन हात कुठे पुरतात? कोणीतरी आतूनही हात लावला तर बरंच की.

सातवा लागला तशा भागीरथीबाई म्हणाल्या, "मागचं जेवन राह्यलंय. औंदा करून घेऊ."

"नको," रंजिता म्हणाली. "तारीख ठरली की हे बाळ आतल्या आत बॅग भरायला घेतं."

पदवीधर बाईने असं बोलावं याची तिची तिलाच लाज वाटली. भागीरथीबाईंनी मात्र या वेळी चेष्टा केली नाही. "बरं. तू सांगशील तवा."

सातवा सरता सरत नव्हता. जरा पोट ताठलं की रंजिता विपुलला गाडी काढायला लावायची. एकदा भर दुपारी दवाखान्यात नेलं. मॅडमनी नीट तपासलं, मशीन लावून पाहिलं, आणि विचारलं, "काल काय खाल्लंत?"

"गवार. दोन्ही वेळा."

"मग या कळा नाहीत. ती गवारच आहे. पण आलात ते बरं केलंत, पुढेही असंच या."

घरी आल्यावर भागीरथीबाई एवढंच म्हणाल्या, "जंतूंचा उत्सव दिसतोय."

सदतिसावा आठवडा पुरा झाला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता आलं तरी वेळेवरच आलं म्हणायचं." त्या संध्याकाळी रंजिताने स्वतःहून कपाट उघडलं. साडीची घडी मोडली. ब्लाउज दंडाच्या वर सरकेना. तिचा चेहरा पडला, तशा भागीरथीबाई कात्री घेऊन शिवण उसवायला बसल्या. "साडीला कुटं वजन कळतं गो? ती सगळ्यांना पुरते."

असं ते डोहाळजेवण नवव्या महिन्यात झालं. शेजारच्या गोजराकाकी दारातच थबकल्या. "भागीरथी, डोहाळजेवन हाय का बारसं?" रंजिता झोपाळ्यावर बसली तेव्हा बायकांनी श्वास रोखले, आणि तिला झोका द्यायला एकीचंही धाडस होईना. ताटात गवार, नाचणीची भाकरी, आंबील, आणि कडेला एक झाकलेली वाटी.

"ताट जंतूंचं," भागीरथीबाई म्हणाल्या. "वाटी तुजी."

झाकणाखाली शिरा होता. रंजिताने एक घास घेतला, मग दुसरा. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिचा डावा हात पोटावर नव्हता.

आणि बाळ? दिलेली तारीख आली आणि गेली, तरी बाळाचा पत्ता नाही. तपासणीत सगळं ठीक होतं, दोन दिवस वाट बघू म्हणाल्या मॅडम. घरभर येरझाऱ्या घालणाऱ्या रंजिताने शेवटी सासूलाच गाठलं. "आई, अजून कसं येत नाही हे?"

भागीरथीबाईंनी शांतपणे गवार मोडायला घेतली. "जेवन आवडलं आसंल. दुसऱ्यांदा वाढायची वाट बगतंय."