मूठभर राख

"बाजूला व्हा, वर आलं!" बद्रुद्दीन मिस्त्री ओरडले आणि मी नि घरमालक वकील भिंतीला चिकटलो.

साखळी ओढली की पाणी खाली जायला हवं. ते भांड्याच्या काठापर्यंत चढलं, जरा थांबलं आणि नव्या फरशीवर सांडलं. नरहरपंत वकिलांनी धोतर गुडघ्यापर्यंत उचललं. भद्रकालीच्या त्या बोळात साखळीचा संडास फक्त त्यांच्याकडे. तो बसवून काही दिवसच झाले होते, आणि संध्याकाळच्या गाडीनं मुलीच्या सासरची माणसं मुंबईहून यायची होती.

मिस्त्रींनी बांबूची कामटी आत घातली. ती वळणापाशी अडली.

"खाली काही तरी जमून बसलंय, वकीलसाहेब. हात घालायला पाहिजे."

"मग घाल."

"मी नळ जोडतो, साहेब. वापरलेल्यात हात नाही घालत. लहानू, तू?"

मी मान फिरवली. मी गवंडी.

"भांडंच उखडून काढ मग."

"चिनी मातीचं आहे ते. फुटलं तर दुसरं येईपर्यंत पाहुणे काय करतील?"

वकिलांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "तानूला बोलवा."

तानुबाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या घरचा मैला उचलायची. मागच्या बोळात, भिंतीला खाली एक झडप होती. तिथून ती हाक द्यायची, "येऊ का?" आत कोणी बसलेलं असलं तर वकिलांच्या आई, वत्सलाबाई, चुलीपासून सांगायच्या, "थांब गं." नाहीतर "ये." मग ती झडप उघडून टोपली ओढायची. नवा संडास आला तेव्हा ती झडप मी विटांनी बुजवली. मी गिलावा करत असताना ती मागे उभी होती. "अन् आता मी कुठून येऊ रं?" असं विचारत होती. रोजची भाकरी, दिवाळीचं लुगडं, सगळं त्या झडपेतूनच तिच्याकडे यायचं.

मी बोलवायला गेलो, तर ती सवयीनं मागच्या बोळातच येऊन उभी राहिली.

"हितं तर भिंत हाय."

"पुढून यायचंय."

"पुढून? मी?"

तिचं तोंड उघडंच राहिलं. पुढच्या दारापाशी ती थबकली. "येते, वकीलसायेब. पण ह्या घरचं काम माझंच राहील का?"

"राहील, राहील. आधी आत ये!"

ती आली. समोरच्या ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. सोप्यातून, माजघरातून, देवघराच्या दारावरून तानुबाई अंग चोरून चालली. माझ्या हातातली थापी खाली पडली, ती उचलायचं मला सुचलं नाही.

वत्सलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होत्या. "कोण ते?"

"मी. तानू."

म्हातारी बघतच राहिली. एवढ्या वर्षांत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

"तू तानू? आवाजावरून वाटलं चांगली थोराड असशील. एवढीशी गं तू!"

"अन् मला वाटलं तुमी गोऱ्या असाल."

मिस्त्रींना खोकला आला. बाकी कोणी हसलं नाही.

तानुबाईनं पदर खोचला आणि भांड्यात खांद्यापर्यंत हात घातला. करड्या रंगाचा एक घट्ट गोळा वर आला. मग दुसरा. तिनं तो बोटांनी चुरला.

"राख हाय ही."

"संडासात राख?" वकील किंचाळले. "कोणी टाकली?"

"मी," वत्सलाबाई म्हणाल्या. "रोजच टाकते. पहिल्यापासून."

"अगं आई, कशाला?"

"टोपली गळायची. ही ती डोक्यावरून न्यायची. ओलं तिच्या अंगावर येऊ नये म्हणून मी राख टाकायचे."

"आता टोपली आहे का?"

"टोपली गेली म्हणजे राख नको, हे मला कोण सांगणार?"

तानुबाईचा हात तसाच राहिला. करडं पाणी कोपरावरून निथळत होतं.

"मला वाटायचं, चुलीची घाण माझ्या टोपलीत लोटतात," ती म्हणाली. "डोळ्यात जायची ना. लय शिव्या दिल्या मी तुमाला, बाई."

तानुबाईनं उरलेली राख काढली, मिस्त्रींनी साखळी ओढली आणि पाणी भसकन खाली गेलं. वकिलांनी सुटकेचा श्वास सोडला. "तुंबला की बोलावीन हं, तानू."

"तुंबला की?"

"मग रोज काय काम तुझं?"

ती आली तशीच पुढच्या दारानं बाहेर पडली.

मी मागच्या बोळात घमेली गोळा करत होतो. आतून वत्सलाबाईंचा आवाज आला, "देवघरापासून धुवा. गोमूत्र शिंपडा." बादल्या ओतल्याचे आवाज येऊ लागले. मोरीचं पाणी बोळात उतरलं. तानुबाई माझ्या गिलाव्यासमोर उभी होती. पाणी तिच्या पायांवरून गेलं, तरी तिनं पाय उचलले नाहीत.

तिनं भिंतीला हात लावला. राखेची पाच बोटं उमटली.

"येऊ का?" ती हळूच म्हणाली.

आत कोणी तरी साखळी ओढली.