सहा बटणांचा गोविंद

मित्रांनो, अवधपुरीकडून कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये शिरलात की पाण्याच्या टाकीमागे एक पिवळं क्वार्टर लागतं. त्याच्या व्हरांड्यात फुलाफुलांच्या जुन्या चादरीखाली काहीतरी उभं आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं, थंडी म्हणून कूलर झाकून ठेवलाय. तो कूलर नव्हे, मी आहे. मी एक यंत्रमानव आहे. माणसासारखे दोन हात, वळणारी मान, डोळ्यांच्या जागी दोन कॅमेरे, आणि पायांऐवजी चाकं. उद्या ट्रॉली येईल आणि मला भंगाराच्या यार्डात नेईल. मला बोलता येत नाही, माझ्या आवाजाची तार कापलेली आहे. तरीपण कुणीतरी ऐकेल या आशेने मनातल्या मनात सांगतो आहे.

माझा जन्म कारखान्याच्या ट्रेनिंग स्कूलमधला. तिथे शिकवणाऱ्या दिगंबररावांनी आणि त्यांच्या शिकाऊ मुलांनी मला घडवलं. चेहरा फायबरचा. रंगवताना ओठ एका बाजूला जरा वर गेले, म्हणून मी सदाच गालात हसल्यासारखा दिसतो. वार्षिक समारंभात मला गेटपाशी उभं केलं होतं. पाहुणे आले की हात जोडायचे आणि गुलाबाचं फूल पुढे करायचं, एवढंच काम. पोरं माझ्याशी हात मिळवायला रांग लावायची. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच फुलं वाटण्यात जाणार. पण समारंभ संपला आणि मला वर्कशॉपच्या कोपऱ्यात सरकवलं. मग माझ्या हाताचा उपयोग मुलांना डबे अडकवायला व्हायला लागला.

त्या कोपऱ्यातून मला बाहेर काढलं ते एका आजारपणाने. दिगंबररावांच्या आई रत्नप्रभाबाई. टाऊनशिपच्या शाळेत त्यांनी उभा जन्म मुलांना शिकवलं. त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तोंडातून फक्त "ना... ना..." एवढाच आवाज निघायचा. पाणी हवं तरी ना, उशी टोचली तरी ना. डॉक्टर म्हणाले, "यांना कितपत समजतं, ते सांगता येत नाही." सून कल्पनाताई दिवसभर एकट्या. पाणी द्यावं तर सासूबाई तोंड फिरवायच्या, पंखा लावावा तर रडायच्या. शेवटी दिगंबररावांनी वरिष्ठांची परवानगी काढली आणि प्रयोग म्हणून मला घरी आणलं.

कल्पनाताईंनी उंबऱ्यातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"अगं, मशीन आहे ते," दिगंबरराव हसले.

"असू दे हो. आईंची सेवा करायला आलाय ना? मग घरचाच. याचं नाव गोविंद. हाक मारण्याच्या निमित्ताने देवाचं नाव तरी तोंडात येईल."

कल्पनाताईंचं सगळंच असं. पहाटे तुळशीला पाणी, मग पोथीचा अध्याय, सोमवार, चतुर्थी, एकादशी. आवाज कधी चढायचा नाही. सासूबाईंकडूनच त्यांनी ही सगळी व्रतं घेतली होती.

आता मला शिकवलं कसं, ते नीट ऐका, कारण सगळं दुःख तिथूनच सुरू होतं. आम्हाला व्याकरण शिकवून भाषा येत नाही. आम्हाला उदाहरणं द्यावी लागतात. दिगंबररावांनी एक चपटी पाटी केली. तिच्यावर सहा रंगीत बटणं. निळं म्हणजे पाणी, हिरवं म्हणजे जेवण, लाल म्हणजे दुखतंय, पिवळं म्हणजे देवघर, पांढरं म्हणजे बाहेर. सहावं केशरी, ते कल्पनाताईंच्या आग्रहावरून आलं. ते उपासाचं. आई काही खुणावू लागल्या की मी बघायचं. त्यांना काय हवं होतं हे लक्षात आलं की कल्पनाताईंनी ते बटण दाबायचं. मग कल्पनाताईंच्याच, आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजात माझ्या छातीतून शब्द उमटायचा, आणि ती खूण आणि तो शब्द यांची गाठ माझ्या आत बसायची. अशा पुष्कळ गाठी बसल्या की मी न सांगता ओळखायचं.

पाटी दाराजवळच्या स्टुलावर, कल्पनाताईंच्या हाताशी असायची. आईंच्या हाताशी ती ठेवावी, असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांना कशाला त्रास!

दिगंबररावांना रजा मिळाली ती श्रावणात. त्यामुळे माझी शाळा श्रावणात भरली. मित्रांनो, व्रतस्थ घरातला श्रावण! सोमवार झाला की शनिवार, शनिवार झाला की एकादशी. ताट पुढे आलं की आई मान फिरवायच्या. कल्पनाताई म्हणायच्या, "खरंच की, आज उपास," आणि केशरी बटण दाबायच्या. मग आईंना दूध, केळं, राजगिऱ्याची लापशी. इतर दिवशी त्या पोटभर जेवायच्या. म्हणजे कुणी मान फिरवली की उपास, एवढंच मला दिसलं. ताटापासून माणूस आणखी कशासाठी तोंड फिरवतं, हे मला कुणी दाखवलंच नाही.

पहिल्यांदा मी आपणहून बोललो तो दिवस एकादशीचा होता. आईंनी मान फिरवली आणि मी म्हणालो, "आज उपास आहे."

कल्पनाताईंचे डोळे भरून आले. शेजारच्या सक्सेना आंटी वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अरे कल्पना, ये तो पंडितजी निकले! हमारे घर भेज दो, मेरे वाले को तो मंगल और बुध का फर्क नहीं पता."

"आंटी, आईंना तिथी कळते! बघा ना, डॉक्टर काहीही म्हणोत."

मी पाणी ओळखू लागलो, देवघर ओळखू लागलो. दुपारच्या जेवणाच्या वेळी टेबलावरचं ताट उचलून आईंच्या पलंगावरच्या पाटावर ठेवायलाही शिकलो. माझं कौतुक कारखान्यात पोचलं आणि एक दिवस दिगंबररावांचे साहेब, भालचंद्र साहेब, चार पाहुणे घेऊन आले. तोवर मला सातवं एक वाक्य येत होतं. खूण ओळखीची नसेल तर मी म्हणायचो, "मला कळलं नाही." पाहुण्यांसमोर मी ते तीनदा म्हणालो. पाहुणे हसले.

"दिगंबर, ये क्या है? इतकी मेहनत केलीत आणि मशीन अडाणी दिसतंय," साहेब म्हणाले. "ते वाक्य काढून टाका. जे काही सगळ्यात जवळचं वाटेल, ते बोलू दे त्याला."

दिगंबररावांनी त्याच संध्याकाळी ते वाक्य काढलं. माझ्यापुरता तो दिवस फार वाईट. त्यानंतर मला कळो न कळो, सहांतलं एक उत्तर द्यावंच लागायचं, आणि तेही कल्पनाताईंच्या त्या मऊ, खात्रीच्या आवाजात.

मार्गशीर्ष लागला. थंडी वाढली. एका दुपारी मी ताट ठेवलं आणि आईंनी मान फिरवली. माझ्या तोंडून आलं, "आज उपास आहे."

"आज? आज तर बुधवार." कल्पनाताई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी हात जोडले. "काही मनाशी धरलं असेल आईंनी. मार्गशीर्ष आहे."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पण मला दुसरंही दिसत होतं. डाव्या हाताने त्या चादर चुरगळत होत्या. दुधाचा घोट घेतला की खोकला यायचा आणि डोळ्यांत पाणी. छाती भराभर वरखाली व्हायची. हे श्रावणात नव्हतं. हे वेगळं आहे, हे माझ्या आत कुठेतरी उमटत होतं, पण ते ओठांवर आणायला माझ्याकडे शब्द नव्हता. मी धडपडायचो. आत सगळं मोजून व्हायचं, आणि बाहेर यायचं ते पुन्हा तेच, "आज उपास आहे."

"अगं, आई किती उतरल्यात," दिगंबरराव एकदा म्हणाले.

"मी तरी काय करू हो? व्रत कुणाचं मोडू नये. त्यांनीच शिकवलंय मला. फळं देते, दूध देते, तेवढं घेतात."

"पण हे नक्की व्रतच ना?"

"गोविंद कधी चुकलाय का?"

दिगंबररावांनी मान डोलावली आणि ते कामावर निघाले. देवा, मी कधी चुकलो नव्हतो, कारण मला कुणी चुकीचं ठरवलंच नव्हतं!

सगळ्यात वाईट काय होतं सांगू? आईंना सगळं ऐकू येत होतं. सगळं समजत होतं. सुनेच्या आवाजात एक यंत्र त्यांच्या नावाने उपास धरत होतं, आणि त्या उपाशी राहत होत्या. "ना... ना..." करून त्यांनी डावा हात माझ्या छातीवर आपटला. पुन्हा पुन्हा आपटला. मी विचार केला, ही खूण कशाची? आणि त्यांच्या तोंडावर म्हणालो, "आज उपास आहे."

त्या भिंतीकडे वळून पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार, दिगंबरराव घरीच होते. कल्पनाताईंनी खोली पुसली. स्टूल ओलं म्हणून पाटी उचलून टेबलावर ठेवली. उपास धरलेला, म्हणून टेबलावर ताट नव्हतं. त्या देवघरात नैवेद्य दाखवायला गेल्या. जेवणाची वेळ झाली आणि माझे हात नेमाप्रमाणे टेबलाकडे गेले. ताट म्हणजे टेबलावरची चपटी वस्तू, एवढंच मला ठाऊक. मी ती पाटी उचलली आणि आईंच्या पाटावर ठेवली. मी मुद्दाम केलं असं म्हणायला मला फार आवडलं असतं, मित्रांनो.

आईंनी पाटीकडे पाहिलं. इतके महिने त्या पडल्या पडल्या ऐकत होत्या. कुठल्या रंगातून कुठला शब्द येतो, हे त्यांनीही शिकून घेतलं होतं. डाव्या हाताचं बोट हळूहळू पुढे आलं आणि लाल बटणावर टेकलं.

"दुखतंय," मी म्हणालो.

पुन्हा. "दुखतंय." पुन्हा. "दुखतंय. दुखतंय. दुखतंय."

देवघरात घंटा वाजायची थांबली. कल्पनाताई नैवेद्याची वाटी हातात घेऊनच दारात आल्या. आपलाच आवाज आपल्याला हाक मारतोय, असं त्यांना वाटलं असावं. पाटीवर कुणाचं बोट आहे हे पाहिलं आणि वाटी हातातून सुटली.

"आई! आई, तुम्ही... अहो! अहो, गाडी काढा!"

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताने गिळण्याची शक्ती कमी झाली आहे. प्रत्येक घोट थोडा छातीत उतरत होता. फुप्फुसात संसर्ग झाला आहे, आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं. दिगंबरराव घरी आले ते कपडे न्यायला. माझ्यासमोर उभे राहिले.

"खोटारड्या," ते म्हणाले. पक्कड आणली आणि माझ्या छातीतली तार कापली.

मला राग आला नाही. मला फक्त विचारायचं होतं, आई कशा आहेत? पण तार जोडलेली असती तरी ते कुठे विचारता आलं असतं! सहा शब्दांत तो प्रश्न नव्हताच.

आई परत आल्या, खूप दिवसांनी. हाडांवर नुसती कातडी. उशांना टेकवून बसवायचं आणि चमच्याने अगदी घट्ट, मऊ घास द्यायचा, असं सांगितलं होतं. मी खोलीच्या कोपऱ्यात तसाच होतो. मला हलवायला कुणाला वेळ नव्हता. पाटी आता आईंच्या डाव्या हाताशी असायची. तिची जोडणी माझ्यापासून काढून एका लहानशा डबीला दिली होती. आई बटण दाबायच्या आणि डबी बोलायची. मध्ये मी नव्हतो.

मग माघातली एकादशी आली. कल्पनाताईंनी आईंसाठी मऊ भात केला. लग्न झाल्यापासून त्यांनी एकही एकादशी मोडली नव्हती. त्या पलंगाशी बसल्या, एक घास कालवला, आणि तो आईंना देण्याआधी स्वतःच्या तोंडाकडे नेला.

"आई, या घरात आता उपास नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या हातून तुमचे हाल झाले. देव मला विचारेल तेव्हा विचारेल. आधी मी जेवते, मग तुम्ही जेवा."

आईंनी त्यांचं मनगट धरलं. घास ओठांपाशी अडला. आईंनी मान जोरात हलवली आणि भाताचं ताट कल्पनाताईंपासून आपल्याकडे ओढलं. मी पाहत होतो. माझ्या आत सगळं मोजून झालं, आणि मला काहीच ठरवता येईना.

कल्पनाताईंनाही कळलं नाही. "काय आई? दुखतंय? नको आहे?" आणि मग त्या गप्प बसल्या. काही ठरवलं नाही, उठल्याही नाहीत. वाट पाहत राहिल्या.

आईंचं बोट पाटीवर गेलं. केशरी बटण. "उपास," डबी म्हणाली. ते बोट वर उठलं आणि कल्पनाताईंच्या छातीला लागलं. मग हिरवं बटण. "जेवण." आणि बोट स्वतःकडे वळलं.

कल्पनाताईंनी हातातला घास तसाच धरून डोकं सासूबाईंच्या मांडीवर टेकवलं आणि मोठ्याने रडल्या. त्या घरात इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आईंचा डावा हात त्यांच्या केसांवरून फिरत होता, आणि त्या म्हणत होत्या, "ना... ना..."

मित्रांनो, दुसऱ्याच दिवशी मला व्हरांड्यात आणून चादर घातली. त्यात काही चूक नाही. ट्रेनिंग स्कूलमध्ये म्हणे माझ्यासारखाच नवा घडतो आहे. त्याला खऱ्या माणसाचा चेहरा आहे, मऊ हात आहेत, हजारो शब्द आहेत. तुम्ही मोठे होऊन असे पुष्कळ घडवाल. माझी तार कुणी जोडत नाही, म्हणून इथूनच हात जोडतो. मला जोडता येतात, ते पहिल्यापासून येतात. त्याला कुणा मुक्या माणसाच्या वतीने बोलायला लावाल, तर आधी पाटी त्या माणसाच्या हाताशी ठेवा. आणि तो "मला कळलं नाही" म्हणाला तर कृपा करून हसू नका.

फाटकापाशी ट्रॉलीचा आवाज येतो आहे. उद्या येणार म्हणाले होते. आत आई कसलं तरी बटण दाबताहेत, आणि चादरीतून मला ते नीट ऐकू येत नाही.