ओळ संपेपर्यंत

"ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव…"

गोटी दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या आईच्या सुईवर चौऱ्याण्णवावा टाका होता. आईने मान वर केली नाही. दोन्ही हात लोकरीत गुंतलेले, जिभेवर आकडा. तिने फक्त उजव्या हाताची करंगळी उचलली. त्या घरात करंगळीचा अर्थ एकच होता, थांब, ओळ संपू दे.

गोटी थांबली. पाच वर्षांची पोर, पण थांबण्यात मोठ्या माणसांना हार जाणार नाही अशी. हात पाठीमागे, ओठ घट्ट मिटलेले, पाय जुळवलेले. आईच्या डोळ्याच्या कडेला तिचा पिवळा फ्रॉक दिसत होता. एकदा तो जरासा हलला, पुन्हा स्थिर झाला. पाणी हवं असेल, आईच्या मनात आलं. नाहीतर आजोबा पुन्हा पत्त्यांत हरवत असतील. शंभर, एकशे एक. दोन टाके एकत्र, धागा पुढे, तीन सुलट.

जाळीची वीण होती. अठरा टाक्यांची नक्षी एका ओळीत बारा वेळा. एक टाका इकडचा तिकडे झाला की तो लगेच कळत नाही, चार ओळी वर गेल्यावर जाळी तोंड वाकडं करते आणि मग सगळं उसवत खाली यावं लागतं. शाल एका लग्न ठरलेल्या मुलीसाठी होती आणि आतापर्यंत ती तीनदा उसवून झाली होती.

"दोनशे पंधरा, दोनशे सोळा." तिने सुई फिरवली, बोटं मोडली आणि हसून लेकीकडे पाहिलं. "शाब्बास. हं, बोल आता. काय हवंय?"

"आजोबांना कसंतरी होतंय," गोटी म्हणाली. "ते म्हणाले, आईला बोलाव."

मागच्या खोलीत सासरे खुर्चीतून निम्मे घसरले होते. एक हात छातीवर, दुसऱ्या हातातले पत्ते जमिनीवर. डोळे उघडे होते, पण तिला पाहून ते हलले नाहीत. "बाबा! अहो बाबा!" तिने त्यांना धरून खाली आडवं केलं आणि तशीच अनवाणी जिना उतरली. डॉक्टर खालच्याच मजल्यावर राहायचे. ते जेवणाच्या ताटावरून उठून, उष्ट्या हाताने वर आले. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. त्यांनी छाती दाबली, बराच वेळ दाबली, घामाघूम होईपर्यंत दाबली. मग टाचांवर बसले.

"केव्हापासून त्रास होत होता?"

"आत्ता," ती म्हणाली. "आत्ताच. कळल्याबरोबर आले मी."

शब्दाशब्दाला खरं होतं ते. कळल्याबरोबरच आली होती ती.

डॉक्टरांनी मान हलवली. "अशा वेळी मिनिटांचा खेळ असतो. थोडं आधी हाती लागते तर… पण तेही छातीठोक सांगता येत नाही." त्यांनी सासऱ्यांचे डोळे मिटले आणि हात धुवायला मोरी कुठे आहे ते विचारलं.

मुळात ती घाबरट. तिला स्वतःलाही ते मान्य होतं. गोटी रांगायला लागल्यापासून घरातली कात्री उंच खिळ्यावर गेली होती, बटणं झाकणाच्या डब्यात आणि डबा कपाटावर. शिवण संपली की टाचण्या मोजून ठेवायच्या, चोवीस म्हणजे चोवीस. एकदा तेवीस भरल्या तेव्हा तिने लोहचुंबक घेऊन सगळी खोली पालथी घातली होती आणि टाचणी शेवटी तिच्याच पदरात निघाली होती. खिडक्यांना दुहेरी कड्या, इस्त्रीच्या भोवती खडूने आखलेलं रिंगण. "तुरुंग बरा," असं नवरा चेष्टेने म्हणायचा. "तिथे निदान कैद्यांना कळतं तरी, की आपण काय केलंय."

कॉलेजात तिचा विषय संख्याशास्त्र. त्या पदवीचं पुढे काय करायचं याचा विचार चाललेला असतानाच लग्न झालं, आणि वर्षभरात गोटी. मग सकाळी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये मशीनवर गणवेश, पडदे, अभ्रे, आणि दुपारी सगळं आवरल्यावर विणकाम. मशीनचं काम कितीही वेळा सोडून उठता येतं. दूध उतू जायला लागलं की पाय थांबवायचा, परत येऊन दाबायचा. विणकामाचं तसं नाही. आकडा एकदा डोक्यातून निसटला की गेला. गोटी दर पाच मिनिटांनी "आई" म्हणायची आणि दर हाकेला एक ओळ वाया जायची. एका दुपारी तिने वैतागून सुया भिंतीवर फेकल्या आणि गोटी रडायला लागली. तेव्हा सासरे पुढे झाले.

सासऱ्यांनी सबंध आयुष्य कारखान्यात भोंगा वाजवण्यात घालवलं होतं. शहराचा निम्मा भाग त्यांच्या भोंग्यावर उठायचा आणि जेवायचा. स्वतः मात्र ते इतकं हळू बोलायचे की समोरच्याला कान पुढे करावा लागे. "माझ्या वाटणीचा सगळा आवाज भोंग्यानं काढला," असं म्हणायचे.

"आपण ओळीचा खेळ खेळू," त्यांनी नातीला सांगितलं होतं. "आईने करंगळी दाखवली की आपण पुतळा. हात मागे, तोंड बंद. ओळ संपली की आई शाब्बास म्हणणार. जो आधी बोलेल तो कच्चा लिंबू." मग स्वतःच मुद्दाम आधी बोलून कच्चा लिंबू व्हायचे. "सूनबाई, साऱ्या जगात करंगळी दाखवली की माणसाला बाहेर सोडतात. आपल्याकडे मात्र थांबवून ठेवतात," हा विनोद त्यांनी किमान शंभरदा केला असेल. महिन्याभरात गोटी तयार झाली. ओळी सरळ जाऊ लागल्या. घरात शांतता आली आणि तिला वाटलं, जमलं. सगळंच जमलं एकदाचं.

तिला पाठ होतं, पूर्ण ओळीला तिला अकरा मिनिटं लागतात. गिऱ्हाइकांना तारीख द्यायची म्हणून तिने घड्याळ लावून बघितलं होतं. दोनशे सोळातून चौऱ्याण्णव वजा. एकशे बावीस. गणित करायचंच नाही असं ठरवूनही ते होत होतं. सासऱ्यांना नेलं तेव्हा जिन्यात उभी असताना झालं, भांडी घासताना झालं. उत्तर दर वेळी तेच यायचं. नंतर एकदा तिने ती ओळ उजेडात धरून पाहिली. एकही चूक नव्हती.

कोणी तिला विचारलंच नाही. नवऱ्याने नाही, शेजाऱ्यांनीही नाही. बोलताबोलता गेले, पुण्यवान माणूस, असं जो तो म्हणत होता. ती मान डोलवत होती. एकच भीती होती, आणि ती गोटीसाठी होती. पोरीला अजून काही कळलं नव्हतं. पण कोणीतरी कधीतरी तिला विचारेल, ती सांगेल, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बघून तिला कळेल. मग जन्मभर कळलेलंच राहील. तेवढं होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून ती गोटीला सारखी आपल्याजवळ ठेवत होती, परक्या माणसापाशी एक क्षण सोडत नव्हती.

पण आत्या परकी नव्हती. चौथ्या दिवशी संध्याकाळी नणंदेने गोटीला मांडीवर घेतलं. नवरा भिंतीला टेकून बसला होता. एसटीच्या आगारातून रजा काढलेली, दाढी वाढलेली. ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती.

"तू होतीस ना गं आजोबांजवळ?" नणंद म्हणाली. "शेवटी काय म्हणाले गं ते माझ्या राणीला?"

"म्हणाले, आईला बोलाव."

"आणि तू धावत गेलीस."

"हो. पण आईची ओळ चालली होती ना," गोटी म्हणाली. "मग मी पुतळा झाले. आजोबा आतून एकदा 'गोटी' म्हणाले, तरी मी बोलले नाही. एकदासुद्धा बोलले नाही मध्ये."

गाळणं तिच्या हातात तसंच राहिलं. आतून हाक आली होती, हे तिला माहीत नव्हतं. तिला ऐकू आली नव्हती. ती मोजत होती.

"थांबलीस?" नणंदेचा आवाज चढला. "अगं वेडे, थांबलीस कशाला?"

"आजोबांना बरं नाही हे तुला दिसत होतं," नवरा सावकाश म्हणाला, "आणि तू नुसती उभी राहिलीस?"

ती दारात आली. गोटी तिच्याकडेच बघत होती. खेळ बरोबर खेळूनही कुणी शाब्बास म्हणत नाही, उलट ओरडतात, हे काय, असा चेहरा. अजून नुसता गोंधळ होता तिथे. पण त्याच्या मागे दुसरं काहीतरी यायला निघालं होतं, आणि ते आईला स्पष्ट दिसत होतं.

"तिला बोलू नका," ती म्हणाली. "ती आली होती. लगेच आली होती. मी करंगळी दाखवली."

तिने हातातलं गाळणं दाराशीच खाली ठेवलं.

"तिने आपलं काम बरोबर केलं. माझं चुकलं. मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही."

"किती वेळ?" नवऱ्याने विचारलं.

"सहा मिनिटं. थोडी वर."

"मोजलीस?" नणंद म्हणाली. "वहिनी, मोजलीस तू?"

तिने होकारार्थी मान हलवली. गोटीला उचलून कडेवर घेतलं. एवढी मोठी पोर, पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. लेकीच्या कानात ती शाब्बास म्हणणार होती, पण शब्द तोंडातून निघेना. नवरा उठला, चपला घालून जिना उतरून गेला. उशिरा परत आला तेव्हा गोटी झोपली होती आणि शाल पिशवीत भरून खुंटीला टांगलेली होती. पिशवीकडे बघत त्याने विचारलं, "झाली का मग?"

एवढंच. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही, त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही. जेवायला वाढलं की जेवायचा. मीठ हवं असलं तर स्वतः उठून घ्यायचा.

शाल तिने उसवली, लोकरीचे गुंडे करून त्या नवरीमुलीच्या घरी देऊन आली. सुया कपाटावर ठेवल्या. मशीन तेवढं चालू ठेवलं, कारण त्यातून कधीही उठता येतं. मशीनवर बसली की दर दोन मिनिटांनी ती स्वतःच हाक मारायची, "गोटी, काही हवंय का?" आणि गोटी खालच्या मानेने म्हणायची, "नाही." गोटीने 'आई' म्हणून हाक मारणं सोडून दिलं होतं. पोर आपणहून काही मागतच नव्हती.

तीन आठवड्यांनी शाळेतून निरोप आला, घेऊन जा. गोटीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला भलीमोठी पट्टी होती. बाकाच्या झाकणात बोट सापडून नख उचकटलं होतं.

"पण फार गुणी आहे हो तुमची मुलगी," बाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "मी हजेरी घेत होते. ही टेबलाजवळ येऊन उभी राहिली, हात मागे घेऊन. मला वाटलं, काहीतरी किरकोळ असेल. त्रेचाळीस नावं होईपर्यंत उभी होती. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, बाई, रक्त."

घरी आल्यावर तिने गोटीला समोर उभं केलं, स्वतः जमिनीवर मांडी घालून बसली, रिकामे हात मांडीवर ठेवले.

"आपण नवा खेळ खेळू. मी आकडे म्हणत जाईन. तू मध्ये बोलायचंस. ओरडायचंस. वाटेल ते. 'आई' म्हण, 'गाढव' म्हण. जितक्या लवकर ओरडशील तितकी तू पक्की."

"गाढव म्हणू?"

"हो. जोरात."

गोटी जरा हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"एक," आई म्हणाली. "दोन. तीन." गोटीने तोंड उघडलं. "चार." मिटलं. "पाच. सहा." आई मानेने खुणावत होती, डोळ्यांनी विनवत होती. म्हण ना गं. म्हण. गोटीचे ओठ हलत होते, गळ्याशी काहीतरी येत होतं आणि परत जात होतं. वीस झाले, तीस झाले. खालच्या रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. जिन्यात नवऱ्याची पावलं वाजली, वर आली आणि उंबऱ्याशी थांबली. तो आत आला नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस."

गोटीच्या फ्रॉकच्या मागून फरशीवर एक थेंब पडला. मग दुसरा.

आई थांबली. गुडघ्यांवर पुढे सरकली आणि पोरीचा उजवा हात पाठीमागून हळूच पुढे घेतला. पट्टी भिजून लाल झाली होती.

"दुखतंय?"

गोटीने मान हलवली.

"केव्हापासून?"

"तू पाच म्हणालीस ना," गोटी म्हणाली, "तेव्हापासून."

आईने पट्टी सोडायला सुरुवात केली. नवरा आत येऊन वाटीत पाणी घेऊन बाजूला बसला. गोटी सरळ उभी होती, दुसरा हात पाठीमागेच होता.