पुसलेली अकरा वाक्यं

मास्तर गेले तेव्हा मागे नऊशे बारा वाक्यं ठेवून गेले, आणि त्यातली अकरा त्यांच्या बायकोनं चौथ्या दिवशी पुसून टाकली.

मास्तर शाळेतले नव्हेत, कापड गिरणीत माग दुरुस्त करणारे. तरणेपणी गिरणीनं त्यांना काम शिकायला तिकडे धाडलं, चेक आणि स्लोव्हाक लोकांत. तीन वर्षांनी गडी दोन भाषा घेऊनच परत आला. "सख्ख्या मावसबहिणी आहेत," म्हणायचे. "एकमेकींचं सगळं कळतं, पण एकीला दुसरीच्या नावानं हाक मारलीत तर मेलात."

पुढे शहरात दर वर्षी चेक आणि स्लोव्हाक सिनेमांचा महोत्सव भरायला लागला. ज्या पिक्चरला खाली अक्षरं नसायची तो मास्तरांकडे यायचा. ते आपल्या भाषेत वाक्यं लिहायचे आणि बायको ती दाखवायची. पडद्याखाली काळी पट्टी, हॉलच्या मागच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर लॅपटॉप. वरचा माणूस बोलायला लागला की हिनं बटण दाबायचं, पट्टीवर वाक्य उमटायचं. त्या भाषेतलं तिला ओ की ठो कळायचं नाही. मास्तर शेजारी बसून तिच्या कोपराला बोट लावायचे, की ही दाबायची. सगळे तिला बटणवाली म्हणायचे. त्याचा तिला राग नव्हता. त्या खुर्चीत दुसरं कुणी टेकलं, की मात्र यायचा.

या वर्षी आला एक जुना काळा-पांढरा पिक्चर. डोंगरातली आई, गाव सोडून जाणारा मुलगा. सरावासाठी आधी डिस्क आली, तेव्हा मास्तर दवाखान्यात होते. नळ्या लावलेल्या, तरी पडल्या पडल्या सांगायचे आणि ही मांडीवर लॅपटॉप घेऊन लिहायची.

"लिही. आई चुलीकडे तोंड करून बोलते. वळतच नाही. अकरा वाक्यं आहेत."

"अहो, असा प्रसंगच नाही यात. मुलगा पेटी भरतो की थेट स्टेशनावर. बघा ना हे."

"मी बाविसाव्या वर्षी थेटरात बघितलाय. लिही म्हटलं ना!"

त्याच सकाळी त्यांनी पोटच्या लेकीला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली होती. औषधांनी भ्रम होतो, असं डॉक्टर म्हणालेच होते. ती दात-ओठ खात लिहीत गेली. अकराव्याला तिनं लिहिलं, 'दार बंद कर.'

"बंद नाही गं. नुसतं लोट, म्हणते ती. परत यायचं असतं ना माणसाला. तेवढं तरी नीट लिही."

"जी बाई पिक्चरमध्ये नाहीच, तिचं दार लोटा नाहीतर तोडा! गप्प पडा आता!"

ते गप्प पडले. तिसऱ्या दिवशी कायमचेच.

महोत्सवाचा व्यवस्थापक घरी आला. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "ताई, आपण दुसरा लावू. अक्षरं छापलेला."

"का? मी मेले का?" तिनं विचारलं. "त्यांची वाक्यं लागणार. एक न् एक."

मग कोपराला बोट नसताना ती शिकली. डिस्क चौदा वेळा बघितली. खुणा धरल्या, म्हातारा टोपी काढतो तिथे दोनशे बारा, कुत्रं भुंकतं तिथे तीनशे अठ्ठ्याऐंशी. आणि ती अकरा वाक्यं पुसली. राहू दिली असती तर स्टेशनमास्तरच्या तोंडी आईचं बोलणं आलं असतं, लोक हसले असते. मास्तरांचं हसं व्हायला नको होतं तिला. खरं एवढंच होतं.

खेळ दुपारी साडेतीनचा. मशीनवाले काका खिडकीतून ओरडले, "ताई, मोठा पिक्चर आहे हो! मूळ रिळं आलीत, सात डबे!"

"तुम्हाला घरी पळायची घाई. तुमच्यासाठी आखूड कधी होता?"

अंधार झाला. टोपी, बरोबर. कुत्रं, बरोबर. सहाशे चाळीसला मुलानं पेटीचा पट्टा आवळला. आता स्टेशन. बोट तयार.

स्टेशन आलंच नाही.

चूल आली. चुलीकडे तोंड केलेली आई, तिची पाठ. आणि ती बोलायला लागली.

बटणवालीनं बोट मागे घेतलं. डिस्कच कुणीतरी छाटलेली होती. भ्रम नव्हता. माणूस शुद्धीत होता, आणि आपण त्याला गप्प पडा म्हणालो. बटण दाबावं तर स्टेशनमास्तर बोलणार. नवीन लिहायला जावं तर पुढची जागा चुकणार. आणि लिहिणार काय? पहिली दहा आठवतच नव्हती, रागात लिहिलेलं कुणाला आठवतं? आई बोलत राहिली, पट्टी काळी राहिली. मुलगा दाराशी गेला. तेव्हा तिच्या तोंडून हळूच निघालं, "नुसतं लोट." ते पुढच्या रांगेलासुद्धा ऐकू गेलं नाही.

दिवे लागल्यावर डोळे पुसत एक बाई आली. "तो चुलीचा प्रसंग शब्दांशिवाय ठेवलात! काय सुचलं हो! कुणाची कल्पना?"

"कल्पना कसली कपाळाची," ती म्हणाली. "तिथे वाक्यं होती. मी पुसली."

बाईला तो विनय वाटला. तिनं हिचा हात दाबला आणि गेली. हिला वाटलं, तिच्यामागे धावावं आणि तिला गदागदा हलवावं.

रविवारी सकाळी दुसरा खेळ होता. आदल्या दिवशी ती अकरा वाक्यं कुठे टिपलेली सापडतात का म्हणून तिनं घरातला कागद न् कागद उलटला, उशीचे अभ्रेसुद्धा झटकले. लेक म्हणाली, "आई, त्या भाषेचं दुसरं कुणी मिळेल की. त्याच्याकडून लिहून घेऊ."

"दुसऱ्याची नकोत."

सहाशे चाळीसनंतर तिनं दहा रिकाम्या जागा घातल्या. अकराव्या जागेत आठवत होतं तेवढं लिहिलं.

रविवारी चूल आली. आईनं श्वास घेऊन बोलणं सुरू केलं की बटणवाली दाबायची. काळं. पुन्हा काळं. काका खिडकीतून कुजबुजले, "ताई, काही उमटत नाही. वायर बघू का?"

"वायर ठीक आहे."

दहा झाली. मुलानं कडीला हात घातला. तिनं दाबलं आणि पट्टीवर पांढरी अक्षरं आली, 'दार नुसतं लोट.'

पडद्यावर मुलानं दार घट्ट ओढून घेतलं. कडी वाजली.

मग स्टेशन आलं. स्टेशनमास्तरचं वाक्य होतं, 'कुठलं तिकीट?' तिनं ते वेळेवर दाबलं.