डेल्फीनच्या मानेतली नळी

मित्रांनो, मी सलाईनचा एक जुना स्टँड आहे, आणि माझा राग अजून शांत झालेला नाही.

लुईझियानातल्या एका इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात माझं आयुष्य गेलं. नवा होतो तेव्हा नर्स कौतुकाने म्हणायच्या, "हा बघ, न ढकलता चालतो!" आता एक चाक अडखळतं, म्हणून मला कोपऱ्यातल्या खाटेपाशी ठेवतात. तिथेच डेल्फीन ब्रूसार्ड आली.

ती शाळेची बस चालवायची. आतडं फुटलं, मोठं ऑपरेशन झालं. मानेतल्या शिरेत नळी घातली. तिच्यातून अन्न आणि जालीम प्रतिजैविकं जाऊ लागली. सगळ्या पिशव्या माझ्याच खांद्यावर. त्यांनी तिचा जीव वाचवला, हे मी नाकारत नाही.

हळूहळू ती तोंडाने खाऊ-पिऊ लागली. बहिणीला म्हणाली, "ओडील, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी? घरून आपला झणझणीत गंबो रस्सा आण गं!"

"आधी उभी राहा, मग मिजास कर."

पिशव्या उतरल्या. नळी मात्र तशीच. ओडीलने डॉक्टर लँड्रींना विचारलं, "आता ही जेवते ना? मग मानेत हे कशाला?"

"असू द्या हो. रक्त काढायला बरं पडतं."

रोज हेच उत्तर. बरं कुणाला? मला ओरडावंसं वाटायचं, पण लोखंडाला तोंड कुठे!

मग ताप चढला. माझ्यावर आणखी एक प्रतिजैविक लटकलं. ताप हटेना. शेवटी रक्तात यीस्ट सापडलं. ही बुरशी आपल्या आतड्यात, कातडीवर गुपचूप राहते. तिला आवरणारे चांगले जंतू औषधांनी मेले, आतडं फाटलेलं होतं, आणि वर रक्तात शिरायला नळीचं दार सताड उघडं. अशक्त शरीरात तिला अडवणार कोण?

नळी काढली, बुरशीवरचं औषध दिलं. ताप उतरला. पण डेल्फीन म्हणाली, "खिडकी पुसत का नाहीत हे लोक? सगळं धुरकट दिसतंय."

काच स्वच्छ होती. बुरशी तिच्या डोळ्यात पोचली होती. एक डोळा गेला, आणि बसही गेली.

"अशा आजारात होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाले.

ओडील कडाडली, "ऑपरेशन टळत नव्हतं, कळतं मला. नळी टळत होती! रोज विचारत होते मी!"



मित्रांनो, आपलं माणूस खाटेवर असेल तर रोज विचारा: ही नळी आज हवी आहे का? हे औषध अजून हवं आहे का? हात धुतलेत का? आणि 'असू द्या' हे उत्तर मुळीच ऐकून घेऊ नका.

त्या खाटेवर आज दुसरा माणूस आहे. त्याच्याही मानेत नळी आहे. अरे, विचारा ना कुणीतरी!